स्मशानापासून कलादालनापर्यंत : मरणानुस्मृती, स्थिरता आणि काळ

गेल्या साठ वर्षांत जगाच्या कलाक्षेत्रात एक लक्षणीय स्थित्यंतर घडून आले आहे. राजे-महाराजे, युद्धे, देवदेवता व निसर्गदृश्ये हे चित्रविषय मागे पडले आणि काही प्रमुख कलावंतांनी मृत्यू, निश्चलता व काळाचा अनुभव हेच आपल्या निर्मितीचे द्रव्य मानले. कोणी केवळ दिनांक रंगविले, कोणी तासातासाला घड्याळाची कळ दाबली, तर कोणी प्रेतांसमोर बसून त्यांच्याशी संवाद केला. वरवर पाहणाऱ्यास हा विक्षिप्तपणा वाटेल. परंतु बौद्ध वाङ्मयाशी ज्याचा परिचय आहे त्याला या प्रयोगांच्या मागे एक जुनी वाट दिसल्याशिवाय राहणार नाही. ती वाट स्मशानातून जाते.

या वाटेचा मागोवा घेताना एक प्रश्न मात्र टाळता येणार नाही. मृत्यूचे चिंतन कोणासाठी आणि कशासाठी? ज्या समाजावर शतकानुशतके मृत्यूशी निगडित अशी सर्व हीन मानलेली कामे लादली गेली, त्या समाजातून आलेल्या बौद्धांनी मरणानुस्मृतीकडे कोणत्या दृष्टीने पाहावे? प्रस्तुत लेखात प्रथम या परंपरेचा इतिहास, नंतर परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला दिलेली दिशा आणि शेवटी पाच आधुनिक कलावंतांचे कार्य अशा क्रमाने या प्रश्नाचा विचार केला आहे.

स्मशान आणि चीवर

सतिपट्ठान सुत्तात कायानुपश्यनेच्या अंतर्गत स्मशानातील प्रेताच्या नऊ अवस्थांचे चिंतन सांगितले आहे. फुगलेले प्रेत, पशुपक्ष्यांनी खाल्लेले प्रेत, मांस झडून उरलेला सांगाडा, विखुरलेली हाडे आणि अखेर हाडांचे चूर्ण, असा तो क्रम आहे. भिक्खूने हे पाहून आपला देहही याच स्वभावाचा आहे, हे जाणावयाचे असते. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी अनुराधपूर येथे रचलेल्या विसुद्धिमग्गात दहा अशुभांचे व मरणानुस्मृतीचे पद्धतशीर विवेचन आढळते.

अंगुत्तर निकायातील एका प्रसंगात काळाची मोजणी तर फारच सूक्ष्म झाली आहे. मरणस्मृती कशी करता, असे तथागत भिक्खूंना विचारतात. कोणी एक दिवस-रात्र जगण्याच्या कल्पनेने ती करतो, कोणी एका दिवसाच्या, कोणी एका भोजनाच्या. तथागत मात्र अप्रमादी कोणाला म्हणतात? जो एका घासापुरता किंवा एका श्वासापुरता काळ धरून स्मृती जागृत ठेवतो त्याला. काळाचे परिमाण येथे वर्षावरून श्वासावर आले आहे.

परंतु स्मशानाचा संबंध केवळ ध्यानाशी नव्हता. भिक्खूंच्या चीवरांत पांसुकूल चीवराला मानाचे स्थान होते. स्मशानात टाकलेली, उकिरड्यावर पडलेली वस्त्रे वेचून, धुऊन, शिवून, रंगवून हे चीवर तयार होई. याचे सामाजिक महत्त्व समजण्यासाठी मनुस्मृतीचा दहावा अध्याय शेजारी ठेवावा लागतो. त्या अध्यायाने चांडालांना प्रेतांची वस्त्रे नेसण्यास फर्मावले आणि ज्यांना कोणी नातलग नाही अशांची प्रेते वाहून नेण्याचे काम त्यांच्यावर टाकले. म्हणजे तेच वस्त्र एका व्यवस्थेत अपमानाचे चिन्ह आहे आणि संघात ते आदराचे चिन्ह आहे. वस्त्र बदललेले नाही. बदलला तो ते धारण करण्यामागचा नियम. मनूच्या व्यवस्थेत ते जन्माने लादले जाते, संघात ते स्वेच्छेने स्वीकारले जाते आणि शाक्य राजकुळातून आलेला भिक्खू व सोपाकासारखा स्मशानाशी जोडला गेलेला भिक्खू, दोघेही तेच धारण करतात.

पाषाणातील निश्चलता

अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यात डाव्या भिंतीवर तथागतांच्या महापरिनिर्वाणाचे सुमारे सात मीटर लांबीचे शिल्प आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील हे शिल्प पाहणाऱ्याला प्रथम जाणवते ती त्याची शांतता. खाली शोकाकुल भिक्खू व उपासक, वर देवगण आणि मध्ये उजव्या कुशीवर पहुडलेली तथागतांची प्रशांत मूर्ती. शोक आणि उत्सव यांच्या मधोमध असलेली ही निश्चलता भारतीय शिल्पकलेतील एक श्रेष्ठ सिद्धी होय.

याच लेण्यातील शिलालेख काळाविषयी वेगळेच बोलतो. भिक्षु बुद्धभद्राने अश्मकाच्या राजाचा मंत्री भव्विराज याच्या स्मरणार्थ हे लेणे करविले. जोवर जगात स्मृती टिकते तोवर मनुष्य स्वर्गसुख भोगतो, म्हणून चंद्रसूर्य असेतोवर टिकेल असे स्मारक डोंगरात कोरावे, असा त्या लेखाचा भाव आहे. भिंतीवरील शिल्प अनित्यता सांगते, तर शिलालेख चिरस्थायित्वाची आकांक्षा धरतो. ही विसंगती नाकारण्याचे कारण नाही. बौद्ध कलेच्या इतिहासात हे दोन प्रवाह नेहमीच शेजारी राहिले आहेत. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी : स्मृती डोंगरात कोरली गेली ती मंत्र्याची. ज्यांच्या छिन्नीने डोंगर फोडला त्या पाथरवटांपैकी कोणाचेही नाव तो लेख सांगत नाही.

जपानमध्ये कामाकुरा काळापासून प्रेताच्या नऊ अवस्थांची चित्रे काढण्याची प्रथा रूढ झाली. त्यांना ‘कुसोझु’ म्हणतात. ही चित्रे भेदक आहेत, परंतु त्यांतील प्रेत जवळजवळ नेहमी सुंदर स्त्रीचे असते. पुरुष भिक्खूची आसक्ती मोडावी म्हणून स्त्रीचा देह कुजताना दाखवावयाचा, ही दृष्टी त्यांमागे आहे. अनित्यता सर्व देहांची आहे. ती एकाच देहावर दाखविणे हा धम्माचा विपर्यास होय. परंपरेचा अभिमान बाळगतानाच तिची अशी चिकित्सा करणे हे बुद्धिवादी बौद्धाचे कर्तव्य आहे.

बाबासाहेबांचा आक्षेप

ही चिकित्सा आपल्याला बाबासाहेबांनी शिकविली. १९५७ साली प्रकाशित झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच त्यांनी प्रश्न उपस्थित केला : वृद्ध, रोगी व प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही कथा विवेकाला पटते काय? जरा, व्याधी व मरण नित्य घडत असतात. एकोणतीस वर्षांच्या तरुणाच्या नजरेस ती त्यापूर्वी कधीच पडली नसतील, हे संभवत नाही. म्हणून त्यांनी ती कथा नाकारली आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात उद्भवलेला संघर्ष हे परिव्रज्येचे कारण म्हणून मांडले.

या मांडणीचा अर्थ पुष्कळदा अपुरा समजला जातो. बाबासाहेबांनी मृत्यूचा विचार धम्मातून वगळला नाही. मृत्यूच्या वैयक्तिक भीतीतून धम्माचा उगम झाला, एवढेच त्यांनी अमान्य केले. त्यांच्या मते धम्माचा केंद्रबिंदू मनुष्य आणि मनुष्याचे मनुष्याशी असलेले नाते हा आहे. त्यामुळे मरणाचे चिंतनही या नात्याच्या कसोटीवर घासून पाहिले पाहिजे. शून्यतेचा अर्थ लावतानाही त्यांची हीच दृष्टी दिसते. शून्यता म्हणजे सर्वनाश नव्हे. जगात क्षणोक्षणी होणारे परिवर्तन म्हणजे शून्यता, आणि अनित्यता नसती तर कशाचीही वाढ वा प्रगती झाली नसती, असे त्यांचे प्रतिपादन आहे. जे बदलते तेच सुधारू शकते. अनित्यतेचा सिद्धान्त जातिव्यवस्थेच्या सनातनत्वावर सर्वांत मोठा आघात करतो, तो याच कारणाने.

आपल्या समाजाचा मृत्यूशी असलेला संबंध हा तत्त्वचर्चेचा नव्हता, तो सक्तीच्या श्रमाचा होता. गावात कोणी वारले की परगावच्या नातलगांस वार्ता पोचविणे, सरणाची लाकडे वाहणे, मेलेली जनावरे ओढणे ही वतनदार महारांची कामे होती आणि प्रेतावरील वस्त्र हा त्यांचा ‘हक्क’ समजला जाई. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत जनावरे ओढण्याचे व मृतमांस खाण्याचे सोडून देण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. १९२८ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक मांडले आणि पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. ज्यांच्या पूर्वजांनी दुसऱ्यांच्या मरणाचे ओझे वाहिले, त्यांना मृत्यू हा विषय कलादालनात ‘शोधावा’ लागत नाही. हे भान ठेवूनच पुढील कलावंतांकडे पाहिले पाहिजे.

दिनांक आणि घड्याळ

जपानमध्ये जन्मलेले ऑन कावारा हे युद्धोत्तर पिढीचे चित्रकार. त्यांच्या आरंभीच्या चित्रांत छिन्नविच्छिन्न देह आढळतात. ४ जानेवारी १९६६ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांनी एक चित्रमालिका सुरू केली. एकरंगी पार्श्वभूमीवर त्या दिवसाचा दिनांक पांढऱ्या अक्षरांत रंगवावयाचा, बस्स एवढेच. नियम मात्र कडक होता : मध्यरात्रीपर्यंत चित्र पूर्ण झाले नाही तर ते नष्ट करावयाचे. अनेक चित्रांच्या पेटीत त्या दिवसाच्या स्थानिक वृत्तपत्राचे कात्रण ठेवलेले असे. २०१४ साली त्यांचे निधन होईपर्यंत अशी सुमारे तीन हजार चित्रे झाली. १९७० च्या सुमारास त्यांनी परिचितांना तारा पाठविण्यास आरंभ केला. मजकूर एवढाच असे की, मी अजून जिवंत आहे. तार हाती पडेपर्यंत ते विधान खरे असेलच असे नाही, आणि हेच त्या कृतीचे मर्म आहे. एका श्वासापुरत्या मरणस्मृतीचे हे आधुनिक रूप म्हणावयास हरकत नाही.

त्यांच्या ‘दहा लाख वर्षे’ या ग्रंथरूप कृतीत वर्षांच्या आकड्यांच्या रांगा छापल्या आहेत. भूतकाळाचा भाग जगलेल्या आणि मेलेल्या सर्वांना अर्पण केला आहे. अजिंठ्याचा शिलालेख एका मंत्र्याला अमर करू पाहतो. कावारांची अर्पणपत्रिका कोणालाही वगळत नाही, अजिंठ्याच्या त्या पाथरवटांनाही नाही. दीड हजार वर्षांत स्मारकाच्या कल्पनेत झालेला हा पालट महत्त्वाचा आहे.

तैवानहून न्यूयॉर्कला आलेले तेहचिंग शे हे बौद्ध कलावंत म्हणून ओळखले जात नाहीत. तरी त्यांची येथे नोंद घेणे अगत्याचे आहे, कारण काळाचा अनुभव श्रमिकाच्या बाजूने त्यांनी मांडला. एप्रिल १९८० ते एप्रिल १९८१ असे वर्षभर, रात्रंदिवस, दर तासाला त्यांनी कारखान्यातील हजेरीच्या घड्याळात आपले कार्ड घातले आणि प्रत्येक वेळी चलच्चित्राची एक चौकट टिपली. वर्षाचे ८,७६० तास. त्यांपैकी १३३ वेळा ते चुकले आणि ती नोंदही त्यांनी प्रामाणिकपणे ठेवली. त्या काळी ते अमेरिकेत कागदपत्रांविना राहत होते. कायद्याच्या दृष्टीने ज्याचे अस्तित्वच नाही असा मनुष्य दर तासाला आपली हजेरी नोंदवितो आहे! काळ सर्वांचा सारखा असतो असे आपण म्हणतो. परंतु मालकाचा काळ आणि मजुराचा काळ यांत अंतर आहे, हे गिरणगावातील तीन पाळ्यांत ज्यांच्या घरच्यांनी आयुष्य काढले त्यांना वेगळे सांगावयास नको.

मावळणारे दिवे

१९५७ साली टोकियोत जन्मलेले तात्सुओ मियाजिमा यांनी आपल्या कलेची तीन सूत्रे सांगितली आहेत : परिवर्तन चालू राहो, सर्वांशी नाते जुळो, हे अखंड चालो. अनित्यता व प्रतीत्यसमुत्पाद यांचा हा सरळ अनुवाद आहे. लहान विद्युत्-अंक हे त्यांचे माध्यम. हे अंक १ ते ९ या आवर्तनात फिरतात, शून्य कधीही दिसत नाही. शून्याच्या जागी क्षणभर अंधार होतो आणि मोजणी पुन्हा सुरू होते. शून्यता म्हणजे नाश नव्हे, हा बाबासाहेबांनी स्पष्ट केलेला अर्थ येथे डोळ्यांना दिसतो.

१९९९ च्या व्हेनिस द्वैवार्षिकात त्यांनी ‘मेगा डेथ’ ही कृती मांडली. भिंतींवर सुमारे २,४०० निळे अंक, प्रत्येकाची गती निराळी, प्रत्येक अंक जणू एक जीव. एखादा प्रेक्षक नकळत विशिष्ट ठिकाणी आला की सारे दालन एकदम काळोखात बुडे आणि काही वेळाने अंक पुन्हा एकेक करून उजळू लागत. विसाव्या शतकातील सामूहिक हत्याकांडांचे हे स्मरण होते. येथे मृत्यू निसर्गनियम म्हणून येत नाही, मनुष्यकृत अपराध म्हणून येतो. जरामरणाचे दुःख आणि मनुष्याने मनुष्याला दिलेले दुःख हा भेद बाबासाहेबांच्या विचारात मध्यवर्ती आहे. कळ दाबली जाते ती नकळत, ही गोष्टही विचार करावयास लावणारी आहे. अन्याय नेहमीच क्रूर हातांनी होतो असे नाही. बेसावध पावलांनीही होतो. प्रमादाचा बौद्ध अर्थ यापेक्षा वेगळा तो काय?

९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर पडलेल्या अणुबॉम्बमधून एक पर्सिमनचे झाड अर्धे जळूनही वाचले होते. वृक्षवैद्य मासायुकी एबिनुमा यांनी १९९४ पासून त्याची रोपे तयार करून मुलांना देण्यास आरंभ केला. मियाजिमा त्यांना जाऊन मिळाले आणि १९९६ साली टोकियोतील एका जुन्या शाळेच्या आवारात पहिले रोप लावले गेले. आज अनेक देशांत ही झाडे वाढत आहेत. काळाची मोजणी येथे अंकांनी होत नाही, वर्षावर्षाला येणाऱ्या फळांनी होते.

आरोग्यशाला आणि शवागार

थायलंडचे मोंतिएन बून्मा (१९५३–२०००) यांच्या पत्नीचे १९९४ साली कर्करोगाने निधन झाले. पुढे सहा वर्षांनी तेही त्याच व्याधीने गेले. या काळातील त्यांच्या कृती म्हणजे मनुष्याला आत शिरून उभे राहता येईल अशा रचना. त्यांना औषधी वनस्पतींचा लेप दिलेला वा आत वनस्पती ठेवलेल्या. प्रेक्षकाने आत जावे, थांबावे आणि श्वास घ्यावा. चित्र डोळ्यांनी पाहावयाचे असते, ही रचना फुफ्फुसांनी अनुभवावयाची होती.

यांपैकी काही कृतींच्या नावात त्यांनी ‘आरोग्यशाला’ हा शब्द योजला. मराठी वाचकाला तो परका वाटणार नाही. ख्मेर देशाचा बौद्ध राजा सातवा जयवर्मन याने बाराव्या शतकाच्या अखेरीस उभारलेल्या रुग्णालयांचे हे नाव. ता प्रोम येथील ११८६ च्या शिलालेखात अशा १०२ रुग्णालयांचा उल्लेख आहे. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात मनुष्य व पशू यांच्या चिकित्सेची व औषधी वनस्पतींच्या लागवडीची व्यवस्था सांगितली, त्याच परंपरेतील हे कार्य. आणि तिचे मूळ विनयपिटकातील त्या प्रसंगात आहे, जेथे अतिसाराने पीडित, स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या एकाकी भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी धुतले आणि रुग्णाची सेवा ही आपलीच सेवा होय असे संघाला बजावले. मरणाच्या जाणिवेची परिणती सेवेत झाली, हे बून्मांच्या कलेचे वैशिष्ट्य आहे.

थायलंडच्याच आराया रासजार्मरेअर्नसूक या लेखिका व चित्रकर्तीने शवागारात जाऊन प्रेतांना वाचून दाखविले. ‘वर्ग’ या २००५ च्या चित्रफितीत ती शिक्षिकेच्या वेशात फळ्याजवळ उभी आहे आणि पांढऱ्या वस्त्राखालील सहा प्रेतांना मृत्यू हा विषय शिकवीत आहे. प्रथम हसू येते, मग ते ओठांवरच विरते. मृत्यूविषयी मृतांना जिवंताने काय शिकवावे? शतकानुशतके चित्रपटांवर स्त्रीचे प्रेत कुजत राहिले आणि पुरुष त्याकडे पाहत राहिले. येथे स्त्री उभी आहे, बोलते आहे आणि प्रेतांना किळसेचा विषय न मानता श्रोते मानते आहे. मनूने ज्यांच्यावर बेवारस प्रेते वाहण्याचे काम लादले त्यांच्या वंशजांनी या कृतीकडे विशेष लक्ष द्यावे. प्रेताजवळ जाणे हा कलंक नव्हे, आदराचे कृत्यही असू शकते. मात्र ते लादलेले नसावे.

निष्कर्ष

या कलाकृतींवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. कलादालनातील शांतता महाग असते. ज्या देशात अनेक गावांतून दलितांना सार्वजनिक स्मशानभूमीत आजही जागा नाकारली जाते, तेथे मृत्यूच्या समतेची भाषा पोकळ वाटू शकते. मृत्यू सर्वांना समान करतो हे जीवशास्त्राचे सत्य आहे, समाजाचे नव्हे. म्हणून केवळ मृत्यूचे दर्शन घडविले म्हणजे कला बौद्ध झाली, असे मानता येत नाही. त्या दर्शनातून पाहणाऱ्याची स्मृती जागते काय, ज्यांची गणना कोणी केली नाही त्यांची ती गणना करते काय, आणि करुणेचे एखादे कृत्य तिच्यातून निपजते काय, हीच तिची कसोटी होय.

या कसोटीला उतरणारा सर्वांत मोठा दाखला कोणत्याही दालनात नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. दुसऱ्या दिवशी दादरच्या समुद्रकिनारी अंत्यसंस्कारासाठी जनसागर लोटला. बाबासाहेबांच्या हस्ते मुंबईत धम्मदीक्षा व्हावयाची होती, ती आता कशी होणार, हा प्रश्न त्या समुदायापुढे होता. तेव्हा भदन्त आनंद कौसल्यायन यांनी तेथेच दीक्षा दिली आणि शोकाने व्याकूळ झालेल्या असंख्य स्त्रीपुरुषांनी हात जोडून ती घेतली. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या मृत्यूची वार्ता गावोगाव वाहिली होती, त्याने आपल्या मुक्तिदात्याच्या चितेसमोर उभे राहून स्वतःच्या नव्या जीवनाची वार्ता जगाला दिली. मरणानुस्मृतीचा आंबेडकरी अर्थ तेथे सिद्ध झाला.